पापणीवरची चामखीळ आणि पिवळा चट्टा

पापणीची कातडी म्हणजे अंगावरची सगळ्यात पातळ कातडी. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि खाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच. त्यामुळे पाठीवर असती तर वर्षानुवर्षं ध्यानातही न येणारी बारीकशी वाढ इथे लगेच नजरेत भरते. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. पण म्हणून ती घरच्या घरी उपटून टाकावी, असं मुळीच नाही.

देठावर लोंबणारी, मऊ, कातडीच्याच रंगाची किंवा जराशी काळपट ती चामखीळ. उतारवयात, वजन वाढलेल्यांत आणि मधुमेहींत ती जास्त दिसते. मानेवर आणि काखेतही तिची भावंडं असतात. थोड्या काळात बऱ्याच चामखिळी आल्या, तर साखर तपासून घेतलेली बरी. लहान मुलांच्या पापणीवर मोत्यासारखे चकचकीत, मधोमध खळगा असलेले दाणे येतात, ते मोलस्कम नावाच्या विषाणूचे. असा एखादा दाणा पापण्यांच्या केसांत दडून बसला, तर डोळा सारखा लाल राहतो. थेंब घालून घालून घरचे थकतात, आणि दाणा काढला की लाली ओसरते. रांजणवाडीचं प्रकरण निराळं. ती दुखते, सुजते आणि बहुधा आठवड्याभरात बसते. दुखत नाही पण पापणीच्या आत गोटीसारखी लागते ती गाठ तुंबलेल्या तेलग्रंथीची. तिला दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं कोमट फडक्याचा शेक दिला की बऱ्याचदा काही आठवड्यांत जिरते.

पिवळ्या चट्ट्यांकडे मात्र नुसतं दिसण्याची बाब म्हणून पाहू नये. नाकाकडच्या कोपऱ्यात, बहुधा वरच्या पापणीवर, मऊ आणि चपटा पिवळसर डाग येतो. डॉक्टर त्याला झँथेलाझ्मा म्हणतात. कातडीतल्या पेशींनी कोलेस्टेरॉल गिळून साठवल्याने तो तयार होतो. असे चट्टे असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या रक्तात चरबीचं प्रमाण वाढलेलं सापडतं. उरलेल्यांनी निर्धास्त राहावं, असंही नाही. कोपनहेगनमध्ये सुमारे 12,700 लोकांवर तीस वर्षांहून अधिक काळ नजर ठेवली गेली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चट्टे असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जास्त आढळला. रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि इतर कारणं हिशेबात धरूनही. तेव्हा आधी लिपिड प्रोफाइल, रक्तदाब, साखर; लेझर नंतर. चट्टा कापून, लेझरने किंवा आम्ल लावून काढता येतो, पण तो पुन्हा उगवायची खोड सोडत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं.

चामखीळ काढणं त्या मानाने सोपं. त्रास नसेल तर राहू दिली तरी चालते. काढायचीच असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी सांगा. मनाने बंद करू नका. बारीक सुईने भूल देतात, तेवढीच काय ती चुणचुण. मग चिमट्याने चामखीळ उचलून धरायची, देठ ताणला की मुळाशी कात्रीने कापायचा किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या टोकाने छेदायचा. रक्ताचा थेंब आलाच तर जागीच डागतात. पाच-दहा मिनिटांचं काम, सहसा टाकाही लागत नाही. पुढे काही दिवस मलम लावायचं आणि खपली आपोआप पडू द्यायची. आपल्या सावळ्या कातडीवर नंतर काळसर किंवा फिकट डाग राहू शकतो, तोही हळूहळू निवळतो. वाढ अगदी पापणीच्या कडेवर असेल तर मात्र ब्यूटी पार्लर नको, ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञच हवा. कड जास्त जळली तर तिथे खाच पडते, केस डोळ्याकडे वळून बुबुळाला घासतात.

आपल्याकडे चामखिळीला चुना-सोडा लावायची किंवा घोड्याचा केस बांधायची जुनी चाल आहे. मानेवरही तो शहाणपणा नव्हेच, पण पापणीवर चुना म्हणजे डोळ्याशीच खेळ. चुना हा अल्कली. तो आम्लापेक्षा खोल शिरतो आणि बुबुळ कायमचं पांढरं करू शकतो. चुकून गेलाच तर तिथल्या तिथे नळाखाली डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवा, चुन्याचे कण दिसले तर काढा, आणि मगच दवाखाना गाठा. कुरूपावरची सॅलिसिलिक आम्लाची औषधंही डोळ्याजवळ वापरायची नाहीत.

वाढीच्या जागचे केस गळले, मधेच जखम होऊन ती भरेना, रक्त येऊ लागलं, किंवा आकार भराभर वाढला तर थांबू नका. उतारवयात गाठ काढूनही पुन्हा त्याच जागी आली, तर ती तेलग्रंथीचा कर्करोग असू शकते; आपल्या देशात पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण बरंच आहे. काढलेला तुकडा, दिसायला कितीही साधा असो, बायोप्सीसाठी पाठवायला सांगा आणि त्याचा अहवाल जपून ठेवा.