नदीकांठची सपाट वाट

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, हें आमच्या पिढींतील वाचकांस सांगावयास नको. शिक्षकाची नोकरी केली त्या तीस-बत्तीस वर्षांत आम्ही ऊन-पावसांत शाळेंत सायकलीवरूनच गेलों-आलों. पुढें एका श्रावणांत ओल्या रस्त्यावर घसरून आमचें मनगट मोडलें. हाड दीड महिन्यांत सांधलें. परंतु सायकल जी जिन्याखालीं उभी राहिली ती राहिलीच. घरांत कोणीं विचारलें म्हणजे आम्ही गुडघ्यांचें कारण सांगत असूं. सहा वर्षें तें कारण सर्वांस पटलें आहे, असा आमचा समज होता.

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत कॅनडांतील कॅल्गरी शहरीं चिरंजीवांकडे तीन महिने राहण्याचा योग आला. हें शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर असून पश्चिमेस रॉकी पर्वताची रांग दिसते. त्या पर्वतांतील हिमनदींतून निघणारी बो नदी शहरांतून वाहते, आणि दक्षिण भागांत तिला फिश क्रीक नांवाचा ओढा मिळतो. या ओढ्याचें खोरें आल्बर्टा प्रांताच्या सरकारनें १९७५ सालीं उद्यान म्हणून राखून ठेविलें. क्षेत्रफळ सुमारें साडेतेरा चौरस किलोमीटर. दोहों बाजूंस शहरवस्ती, आणि मध्यें हरणें, कोल्ह्याच्या जातीचे कायोटी व मोठाले राखी बगळे. झाडांच्या बुंध्यांस तारेची जाळी गुंडाळलेली पाहून आम्हांस नवल वाटलें. बीव्हर नांवाचा पाण्यांत राहणारा प्राणी दांतांनीं झाडें पाडतो, त्यावरील हा उपाय आहे, असें नातीनें सांगितलें.

चिरंजीवांनीं आमच्यासाठीं जी सायकल आणिली तिला ‘माउंटन बाइक’ म्हणतात. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन टमालपाइस डोंगराच्या उतारावरून भरधाव खालीं येत. त्या खेळांतून ही जात जन्मली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत तिच्या शर्यतीस स्थानही मिळालें. डोंगरासाठीं जन्मलेलें वाहन सपाट वाटेवर कशास, असें आम्हीं विचारलें. रुंद टायरांत हवा थोडी कमी ठेवितां येते, त्यामुळें खडीवर चाक सहसा घसरत नाहीं. गिअर बदलून चढावर पायांचा भारही हलका करतां येतो. म्हणून वृद्धांसही ती सोयीची, असें उत्तर मिळालें.

आम्हीं नेहमींप्रमाणें गुडघे पुढें केले. तेव्हां अकरा वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, मी मागें पडलें ना, तेव्हांपासून मलाही भीति वाटते. तुम्ही येत असाल तर मी येईन.” त्या ‘मलाही’मधील ‘ही’ आम्हांस लागला. आम्हीं भीतीचें नांव कधीं काढलें नव्हतें. मुलीनें तें ओळखलें होतें.

रविवारीं सकाळीं शिरस्त्राणें घालून निघालों. विल्यम रोपर हल या गुरांच्या व्यापाऱ्यानें १८९६ सालीं बांधलेल्या घरापासून पूर्वेस नदीपर्यंत, तेथून कांठाकांठानें दक्षिणेस, आणि टेकाडाच्या पायथ्यानें परत, अशी सुमारें दहा किलोमीटरांची फेरी. चढ जवळजवळ नाहींच. निघतांना नात म्हणाली, “आजोबा, इथें पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो हं.” आम्हीं ‘ठाऊक आहे’ म्हटलें. वास्तविक ठाऊक नव्हतें. पण जन्मभर इतरांस प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःचें अज्ञान कबूल करणें जड जातें.

नदीकांठीं पोपलर वृक्षांची राई आहे. २०१३ च्या जूनमध्यें बो नदीस मोठा पूर आला, त्यांत या उद्यानांतील कित्येक पूल व वाटा उद्ध्वस्त झाल्या. परंतु या पोपलरांचें बीं रुजतें तें पुरानें आणून टाकलेल्या ओल्या, उघड्या गाळावरच. पूर मुळींच न आले तर जुनीं झाडें वठतात आणि त्यांच्या जागीं नवीं फारशीं येत नाहींत. चिरंजीव हें सांगत असतां आम्ही झाडें पाहूं लागलों, तोंच वळणावर समोरून एक बाई कुत्रें घेऊन आल्या. जन्माच्या संवयीनें आम्हीं डावा ब्रेक जोरानें दाबला. आपल्याकडे डावा ब्रेक मागच्या चाकाचा. तेथें तो पुढच्याचा. पुढचें चाक खडींत जागच्या जागीं थांबलें. आम्ही मात्र थांबलों नाहीं.

क्षणभर तोच श्रावण आणि तोच ओला रस्ता डोळ्यांपुढें आला. मनगट हालवून पाहिलें. तें शाबूत होतें, तळहात तेवढा सोलवटला होता. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुम्ही इथेंच बसा, मी गाडी घेऊन येतों.” नात सायकल धरून आमच्याकडे नुसती पाहत होती. आम्ही गाडींत बसलों असतों तर तीही बसली असती, आणि मग सायकलीवर पुन्हां केव्हां चढली असती कोण जाणे! आम्हीं तिला म्हटलें, “बाळ, ब्रेकचें मला ठाऊक नव्हतें. उगीच हो म्हटलें. पुन्हां एकदां सांग.” तिनें सांगितलें. दोन्ही ब्रेक आळीपाळीनें दाबून कोणतें चाक अडतें तें आम्हीं पाहिलें, आणि उरलेले सहा किलोमीटर तिच्या मागोमाग, तिच्याच वेगानें काढले.

घरीं आल्यावर आमच्या कुटुंबानें जखम धुवून औषध लावलें. तेव्हां गुडघ्यांचें खरें काय तें आम्हीं सांगून टाकलें. हातांतलें काम न थांबवितां ती म्हणाली, “अहो, ज्याचे गुडघे दुखतात तो दर शनिवारीं पर्वती चढत नाहीं, एवढें मलाही कळतें. तुम्ही कधीं सांगतां, याचीच वाट पाहत होतें.”

पुण्यास परतल्यावर जिन्याखालची सायकल बाहेर काढून दुरुस्त करून घेतली. आतां पहाटे, रहदारी वाढण्यापूर्वीं, आम्ही तासभर फिरून येतों. येथें उजवा ब्रेक पुढचा, हें मुद्दाम आठवावें लागतें. नात दर रविवारीं फोनवर विचारते, “आजोबा, किती किलोमीटर?” आमचा आंकडा अजून तिच्या निम्मा होत नाहीं.

वाचकांच्या घरींही एखादें वडील माणूस गुडघ्यांचें नांव सांगून बसलें असेल. गुडघे खरोखर दुखत असतील तर प्रथम डॉक्टरांस विचारावें. तसें नसेल तर त्यांस सपाट वाट, जमिनीस पाय टेकतील अशी बेताची बैठक, डोक्यास शिरस्त्राण आणि सोबतीस घरचें एखादें मूल द्यावें. आणि कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा, हें निघण्यापूर्वींच त्या मुलास विचारून घेण्यास सांगावें.