तांदूळ निवडता, औषधांचा डबा निवडलात का?

भगिनींनो, दिवाळीच्या आधी आपण फडताळातले डबे खाली काढतो, जुना मसाला टाकून देतो. तांदळातला खडा तर आपल्या नजरेतून सुटतच नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी असलेला औषधांचा डबा? तो शेवटचा केव्हा निवडलात, आठवतं का?

नायगावला आमच्या नात्यात घडलेली गोष्ट सांगते. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, पण हिंडत्याफिरत्या. रक्तदाबासाठी त्यांना गावात एक गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांनी पावलं सुजायला लागली. तेवढ्यात त्या लेकीकडे नांदेडला गेल्या, म्हणून तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. आधीची चिठ्ठी नायगावलाच राहिलेली! सूज उतरावी म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी मिळाली. मग काय, रात्रीतून तीन-तीनदा उठणं आलं. झोप मोडते म्हणून कुणीतरी झोपेची गोळी आणून दिली. आणि एका रात्री, लाईट गेलेली असताना, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्या कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं.

ड्रेसिंग करायला घरी नर्सबाई येत. त्यांनी एक दिवस विचारलं, "वहिनी, आजीच्या एवढ्या गोळ्या कशाकशाच्या आहेत?" सुनेला काही सांगता येईना. नर्सबाई म्हणाल्या, "सगळं एका पिशवीत भरा नि मेडिकलमधल्या फार्मासिस्टला दाखवा."

फार्मासिस्टनी एकेक पट्टी काउंटरवर मांडली. एक सर्दीची, एक अंगदुखीची. दोन्हींचे रंग वेगळे, नावं वेगळी, पण दोन्हींत पॅरासिटामॉल! म्हणजे एकच औषध दुप्पट पोटात चाललेलं. पावलांची सूज अ‍ॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनंही येते, हेही त्यांनी सांगितलं. स्वतः मात्र त्यांनी एकही गोळी बंद केली नाही. सगळं कागदावर लिहून डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, सूज उतरली, लघवीची गोळी थांबली, झोपेची हळूहळू कमी केली.

यात दोष कुणाचा म्हणायचा? ज्यानं त्यानं भल्यासाठीच दिलं होतं. फक्त सगळ्या गोळ्या एकत्र कुणी पाहिल्या नव्हत्या. खुब्याचं हाड मोडल्यावर त्या पाहिल्या गेल्या, एवढंच दुःख.

वय झालं की मूत्रपिंड आणि यकृत यांचं काम मंदावतं, औषध अंगात जास्त वेळ राहतं. चाळिशीत सोसलेली गोळी पंच्याहत्तरीत सोसेलच असं नाही. म्हणून तर ऑस्ट्रेलियात 2001 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून फार्मासिस्ट घरी येऊन औषधं तपासतो आणि त्याचे पैसे सरकार देतं. आपल्याकडेही 2015 च्या फार्मसी नियमांनुसार औषध कशासाठी, कसं, किती दिवस घ्यायचं, कशाबरोबर घेऊ नये, हे रुग्णाला समजावणं फार्मासिस्टचं कामच आहे. तेव्हा विचारायला संकोच कसला? मात्र गल्ल्यावरच्या मुलाला नव्हे, नोंदणी झालेल्या फार्मासिस्टलाच विचारा. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा जा.

जाण्याआधी एवढं करा:

1. घरातली सगळी औषधं पिशवीत भरा. मलम, डोळ्यांचे थेंब, चूर्ण, काढे, शेजारणीनं दिलेली गोळीसुद्धा. लाज वाटून काही मागे ठेवू नका.

2. एका वहीत लिहा: औषधाचं नाव, कशासाठी, कुणी दिलं, केव्हापासून. कंपनीच्या नावाबरोबर पट्टीवर मूळ औषधाचं नाव असतं, तेही उतरवा. जनऔषधी केंद्रात औषध त्याच नावानं मिळतं.

3. चक्कर, सूज, बद्धकोष्ठता, गुंगी, विसराळूपणा असं नवं काही दिसलं तर तारीख घाला. "वयच झालंय" म्हणून सोडू नका. त्याच्या आधी कोणती गोळी सुरू झाली, ते पाहा.

4. दुखण्याच्या गोळ्या मनानं देऊ नका. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळीबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक रोज पोटात गेलं, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

5. एकादशी जवळ आली की आधीच विचारा. काही शुगरच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच साखरेचं पाणी द्या. उपास मोडल्याचं पाप लागत नाही, बरं का!

6. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. हे वाचून आजच कोणतीही गोळी बंद करायची नाही. रक्तदाबाची, हृदयाची, झोपेची गोळी एकदम सोडली तर नवंच संकट उभं राहतं. फार्मासिस्टनं शंका काढावी, निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, आणि वही आपण सांभाळावी.

सासूबाई रागावतील, "माझ्या गोळ्यांना हात लावू नको," म्हणतील. त्यांच्या शेजारी बसा, पिशवी त्यांच्याच हातून भरून घ्या. कोणती गोळी घेतल्यावर कसं वाटतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. नायगावच्या त्या सासूबाई आता काठी टेकत अंगणात येतात. डबा त्यांच्या उशाशीच असतो. पण आत आता चारच गोळ्या आहेत, आणि प्रत्येक कशाची, हे त्या स्वतः घडाघडा सांगतात.