औषधाचा रेणू आणि त्याचा जमाखर्च

धानोरा, एटापल्ली, भामरागड अशा वनमय तालुक्यांतून येऊन गोंडवाना विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यास औषधशोधाचे शास्त्र आणि त्यामागील व्यापार ही दोन्ही अंगे समजून घ्यावयाची असतील, तर त्यासाठी परमुलखात जाण्याचे प्रयोजन नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावटोल्यांत ‘सिकलसेल’ या नावानेच ओळखली जाणारी व्याधी त्यास पुरेशी आहे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते, एवढाच काय तो फेर. परंतु प्राणवायू सुटताच ते रेणू परस्परांस चिकटून त्यांचे ताठ धागे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबून हाडांत असह्य कळा उठतात. त्यावरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध म्हणजे कार्बनचा एक, नायट्रोजन व ऑक्सिजनचे दोन-दोन आणि हायड्रोजनचे चार अणू. १८६९ साली तयार झालेला हा इवलासा रेणू प्रथम कर्करोगावर वापरला गेला, आणि तो गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवितो हे ध्यानी आल्यावर अमेरिकेत १९९८ साली त्यास सिकलसेलसाठी परवाना मिळाला.

परंतु रेणू सापडला म्हणजे औषध रोग्याच्या हाती पडले असे नव्हे, आणि अध्यापनात नेमका हाच भाग उपेक्षित राहतो याची मला खंत वाटते. नव्या रेणूवर पेटंटची वीस वर्षांची सनद मिळते, म्हणून भांडवल तिकडे धावते: २०१९ साली अमेरिकेत मान्यता पावलेल्या व्हॉक्सेलोटर या सिकलसेलवरील औषधाची वार्षिक किंमत सव्वा लाख डॉलरच्या घरात होती, आणि सुरक्षिततेविषयी शंका उत्पन्न झाल्यावर २०२४ साली फायझर कंपनीने ते बाजारातून परत घेतले. उलटपक्षी १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या केवळ निर्मितिप्रक्रियेस संरक्षण दिल्यामुळे, तेच औषध निराळ्या मार्गाने घडविण्याचे कौशल्य पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि देशी कारखान्यांत वाढीस लागले. २००५ साली ती तरतूद बदलली, कौशल्य मात्र लोपले नाही.

ते आज आमच्या मुलखास हवे आहे. हायड्रॉक्सियुरियाची नेहमीची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. दहा-बारा किलो वजनाच्या बालकाची मात्रा तीतून काढणे आईबापांच्या आवाक्याबाहेरचे, शिवाय दमट हवेत तो रेणू विघटन पावतो. तेव्हा चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात टिकेल, पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटला तरी घरातल्या बाटलीत गुणकारी राहील, आणि सरकारी आरोग्य केंद्राच्या खरेदीदरात बसेल, असे बालकांसाठीचे द्रवरूप औषध सिद्ध करणे हा विषय येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी अवश्य घ्यावा.