पावसातला बूट आणि आतला पाय

सह्याद्रीत पावसाळ्यात चालणाऱ्याच्या बुटात पाणी शिरते ते बहुतेक वेळा वरच्या तोंडाने. तळ जाड रबराचा असतो, पुढचा भाग घट्ट शिवलेला असतो, आणि चांगला बूट चिखल किंवा बोटभर पाणी सहज निभावून नेतो. पण पाऊस गुडघ्यावर पडतो, नडगीवरून ओघळतो आणि मोज्याच्या काठाशी येऊन थांबतो. तिथून पुढचे काम मोजाच करतो. निरांजनातली वात तेल ओढते तसा मोजा पाणी आत ओढत राहतो आणि बघता बघता घोट्यापासून बोटांपर्यंत ओल पोचते. कारवीच्या दाट रानातून किंवा कमरेएवढ्या गवतातून वाट गेली, तर पाऊस थांबलेला असतानाही हेच होते. पाने आपले पाणी चालणाऱ्याच्या पायांवर पुसतात. वाटेत ओढा लागलेला नसतो, डबक्यात पाऊल पडलेले नसते, तरी बूट आतून ओला असतो.

दुसरे पाणी पायाचे स्वतःचे. दोन्ही पावलांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात आणि पाठीवर ओझे घेऊन घाटवाट चढताना त्या सतत पाझरत असतात. कोरड्या दिवसांत हा घाम बुटाच्या कापडातून उडून जातो. पावसाळ्यात त्याला जायला जागा राहत नाही.

जलरोधक बुटांचा सगळा दावा या दुसऱ्या पाण्याशी निगडित आहे. पाणी अडवणे अवघड नाही. गमबूटही ते अडवतो. पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणे अवघड. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लॅस्टिक तापवून झटक्यात ताणले, तेव्हा त्याचा सूक्ष्म छिद्रांनी भरलेला पातळ पापुद्रा तयार झाला. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाहून हजारो पट लहान आणि वाफेच्या रेणूहून शेकडो पट मोठी असतात. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. गोअरटेक्स नावाने हाच पापुद्रा बुटाच्या अस्तरात बसवला जाऊ लागला.

मात्र वाफ आपण होऊन बाहेर पडत नाही. आत बाष्प जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती तिकडे ढकलली जाते. पायाजवळची ३३ अंश सेल्सिअसची ओलावलेली हवा सुमारे ५० हेक्टोपास्कल बाष्पदाब धरते. युरोपातल्या आल्प्समध्ये बाहेर ५ अंश तापमान आणि निम्मी आर्द्रता असेल, तर बाहेरचा बाष्पदाब चार-पाच हेक्टोपास्कलच भरतो. फरक पंचेचाळीसचा. जुलैत भीमाशंकरच्या रानात २४ अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते, तेव्हा बाहेरचा दाब तीसच्या घरात जातो आणि फरक उरतो जेमतेम वीसचा. वाफेला ढकलणारा जोर निम्म्याहूनही कमी. त्यात बुटाच्या बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप घासून गेलेला असेल, तर ते कापडही पाणी पिते आणि पापुद्र्याच्या बाहेरून पाण्याचा थर बसतो. मग बूट गळत नसला, तरी आत पाय घामाने चिंब होतो आणि घालणाऱ्याला वाटते की बूट फुटला. तो खरोखर फुटतो तेव्हा बहुधा बोटांच्या मागच्या घडीपाशी, जिथे तो प्रत्येक पावलागणिक दुमडतो. ते तपासायला एक बादली पुरते. पायात कोरडा मोजा आणि बूट घालून तोंडाच्या खालपर्यंत पाण्यात पाच-दहा मिनिटे उभे राहायचे, मग मोजा काढून ओल नेमकी कुठे आली ते पाहायचे.

जलरोधक बुटाची खरी अडचण ओढ्यात कळते. पोटरीएवढे पाणी ओलांडले की वरून भरलेले पाणी त्यात तांब्यात राहावे तसे राहते. पाणी आत येऊ न देणारा पापुद्रा ते बाहेरही जाऊ देत नाही. म्हणून दिवसाला पाच-सात ओढे लागणाऱ्या सह्याद्रीतल्या वाटांवर जाळीदार कापडाचा, हलका, तळाला खोल खाचा असलेला बूट अधिक उपयोगी पडतो, हे मान्य करायला हवे. पूर्वीचे कॅनव्हासचे हंटर बूट लगेच भिजायचे, पण निथळायचेही लगेच. जाळीच्या बुटातून पाऊल पडताना पाणी पचकन बाहेर फेकले जाते आणि ओढा मागे पडून थोडा वेळ झाला की बुटात उरते ती नुसती ओल. हिमालयातल्या बर्फाच्या वाटेवर हिशेब उलटा. तिथे ओला पाय म्हणजे गारठलेला पाय, हिमदंशाचे निमंत्रण, आणि तिथे जलरोधक बूटच हवा.

वरून येणारे पाणी कमी करायला गेटर चांगले. नडगीपासून बुटाच्या नाड्यांपर्यंत झाकणारे हे कापड जळवांनाही बऱ्यापैकी अडवते. पावसाची विजार गेटरच्या बाहेरून सोडायची. आत खोचली तर गेटर म्हणजे पन्हळ होते. ओढ्यात बूट काढून अनवाणी उतरण्याची पद्धत मात्र धोक्याची. शेवाळलेल्या दगडावर अनवाणी पाय सटकतो, गढूळ पाण्यात धारदार कपरी दिसत नाहीत. भिजलेला बूट रात्रीत सुधारता येतो, मुरगळलेला घोटा नाही.

दुपारच्या थांब्याला एखाद्या कपारीच्या आडोशाला बूट उतरला, की आतल्या पायाची अवस्था समोर येते. तळवा पांढराफटक आणि सुरकुतलेला, त्यावर मोज्याच्या विणीचे ठसे. करंगळी आणि शेजारच्या बोटामधली कातडी अंगठ्याने जरा घासली तर सायीसारखी सरकते. पाण्यात बोटे सुरकुततात ती नुसती फुगल्यामुळे नव्हे. मज्जातंतूंच्या हुकमाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि मज्जातंतू तुटलेल्या बोटाला अशा सुरकुत्या पडत नाहीत. हा बदल थोड्या वेळात ओसरतो. त्रास पुढे होतो. दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षा मोज्याला जास्त चिकटते, ओढली जाते आणि टाचेला फोड येतो. या थांब्याला करायचे काम दहा मिनिटांचे: बुटातली गादी काढून झटकायची, मोजे पिळायचे, पाय पुसून उघडे ठेवायचे, बोटांच्या बेचक्या आठवणीने कोरड्या करायच्या आणि तेच मोजे पुन्हा चढवायचे. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, त्याच्या घड्या पडतात.

हे टाळले तर बेचक्यांत चिखल्या होतात. भाताच्या लावणीत दिवसदिवस वाफ्यात उभ्या राहणाऱ्या माणसांना हे दुखणे नवे नाही. गावोगाव त्यावर मेंदीचा पाला वाटून लावतात. सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते, फाटते, तिथे बुरशी आणि जिवाणू घर करतात. व्हिएतनामच्या युद्धात भातखाचरांतून दोन-तीन दिवस सलग चालणाऱ्या अमेरिकी सैनिकांचे पाय असेच निकामी होत, आणि त्या विकाराला इंग्रजीत भातखाचराचेच नाव पडले. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या थंड पाण्यात हजारो सैनिकांचे पाय त्याहून वाईट सडले. तेव्हा ब्रिटिश लष्कराने रोज मोजे बदलायचे, पायांना देवमाशाचे तेल चोळायचे आणि पायांची नियमित तपासणी करायची, असे नियम केले. तेल पाणी पूर्ण अडवत नाही, पण चोळण्याच्या निमित्ताने पाय रोज उघडा होतो, पाहिला जातो.

म्हणून मुक्कामाची रात्र महत्त्वाची. डोंगरातल्या मुक्कामात जुलैच्या रात्री सगळे काही सादळलेले असते. सॅकमध्ये दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधलेली मोज्यांची एक जोडी तेवढी कोरडी असते. ती चालताना कधीही वापरायची नसते. पाय पुसून, पूर्ण वाळवून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ती घालायची आणि निजायचे. सहा-सात तास कोरडा राहिलेला पाय दुसरा दिवस काढतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरायचे आणि तासाभराने बदलायचे. पहिले बोळे जड होऊन निघतात. चुलीजवळ बूट ठेवायचा मोह आवरावा. धगीने गोंद सुटतो आणि सकाळी तळ जबडा उघडल्यासारखा लोंबतो. पहाटे ओले मोजे पुन्हा घालायचे, कोरडे परत प्लॅस्टिकमध्ये. गार मोजा पायात चढवणे जिवावर येते, पण पहिल्या चढावर तो कोमट होतो.

घरी आल्यावर बूट चिखलासकट ठेवला की वाळलेली माती कापडाच्या धाग्यांत रुतून ते कापत राहते. साध्या पाण्याने आणि ब्रशने धुऊन, गादी आणि नाड्या वेगळ्या काढून, सावलीत वाऱ्यावर वाळवावा. पाणी झटकणारा लेप गेला असेल तर नवा फवारा मारावा. बूट वापरात ठेवणेही गरजेचे. पायताणाच्या मधल्या थरातले पॉलियुरेथेन दमट हवेत पाण्याच्या रासायनिक क्रियेने हळूहळू कुजते, आणि मुंबई-कोकणच्या हवेत कपाटात तीन-चार वर्षे पडून असलेला, दिसायला कोरा बूट पहिल्याच ट्रेकला तळ टाकू शकतो. त्यामुळे जूनच्या आधी जुना बूट घालून जिन्यांची चढ-उतर करावी, तळ हाताने वाकवून पाहावा, आणि शंका आली तर सॅकमध्ये चार हात नायलॉनची दोरी टाकावी. सुटलेला तळ तिने बांधून गावापर्यंत येता येते.