डबक्यातला समुद्र

मुलांनो, भरतीच्या लाटा पाहण्यासाठी माणसे समुद्रकिनाऱ्यावर गर्दी करतात. परंतु ओहोटी लागली, की आता पाहण्यासारखे काही उरले नाही, असे समजून घरी परततात. वास्तविक मौज याच वेळी असते. पाणी मागे हटले, म्हणजे खडकांच्या खोलगट भागांत थोडे पाणी अडकून राहते. या लहानशा डबक्यांत कितीतरी जीव पुढच्या भरतीची वाट पाहत असतात.

मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरातही ही सृष्टी आहे. इ. स. २०१७ मध्ये काही निसर्गप्रेमींनी तेथे 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ओहोटीच्या वेळी लहानथोरांना बरोबर घेऊन खडकाळ किनाऱ्यांवरील जीव दाखवावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे.

अशा फेरीस जावयाचे, तर ओहोटीची वेळ ठाऊक हवी. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते, असा कोकणातील जुना ठोकताळा आहे. षष्ठीस सुमारे साडेचारला भरती पूर्ण होते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी सर्वांत दूर जाते.

डबक्यापाशी स्वस्थ बसून पहा. एक शंख चालू लागतो! त्यात गोगलगाय नसून खेकडा असतो. या खेकड्याचे पोट मऊ असते. म्हणून तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो व अंग वाढले, की मोठा शंख शोधतो. शेजारी उमललेले समुद्रफूल हे फूल नव्हे, प्राणी आहे. त्याच्या पाकळ्यांसारख्या भुजांत दंश करणाऱ्या पेशी असतात व त्यांनी ते भक्ष्य पकडते. पाणी ओसरले, म्हणजे ते अंग आखडून घेते व आतला ओलावा जपते. खडकाला चिकटलेली कालवेही आपले शिंपले घट्ट मिटून घेतात. उन्हात डबक्याचे पाणी तापते, पावसात त्याचा खारेपणा उतरतो. तरीही हे जीव तग धरून राहतात.

परंतु माणसापुढे मात्र त्यांचे बळ अपुरे पडते. हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या काही वसाहती रस्त्याच्या बांधकामात नष्ट होऊ नयेत, म्हणून शास्त्रज्ञांना २०२० मध्ये त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. सर्वच जिवांना असे हलवता येत नाही.

म्हणून काही नियम पाळावेत. मोठ्या माणसांशिवाय जाऊ नये व भरती लागण्यापूर्वीच परतावे. कोणत्याही जिवास हात लावू नये. काही सुंदर शंखांतील गोगलगाई विषारी दंश करतात. रिकामा शंखही उचलून आणू नये, कारण तो कोणा खेकड्याचे उद्याचे घर असतो. पाहण्यासाठी दगड उलटला, तर तो हळुवारपणे पूर्ववत ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूस कोणाची तरी अंडी असतात. ती उन्हात सुकून जातात. परक्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर निघताना आपण दार लोटून घेतो ना? तसेच हे आहे.