ध्वनिक्षेपकांतील श्रमविभाग

शाळेच्या संमेलनांत मागल्या रांगेंत बसलेल्या पालकांची एक तक्रार आपण नेहमीं ऐकतों: "आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाहींत." आवाज वाढविल्यानें हा दोष जात नाहीं. त्याचें एक कारण व त्यावरील उपाय आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा ध्वनि ऐकूं येतो. मंद्र स्वरांकरितां पुष्कळ हवा हालवावी लागते, म्हणून क्षेपकाचा पडदा मोठा हवा. उच्च स्वरांकरितां त्वरा हवी, म्हणून तो लहान व हलका हवा. तबलजी घुमारा डग्ग्याकडे व 'ना' तबल्याकडे सोंपवितो, तसेंच हें आहे. 'साप' आणि 'ताप' यांतील भेद पहिल्या व्यंजनाच्या उच्च कंपनांत असतो. जड पडद्यास तीं नीट झेपत नाहींत व शब्द अस्पष्ट होतो.

यास्तव चांगल्या पेटींत मोठा वूफर व लहान ट्वीटर असे निदान दोन क्षेपक असतात, आणि त्यांस काम वांटून देणाऱ्या विद्युत्-योजनेस क्रॉसओव्हर म्हणतात. कंडेन्सर मंद कंपनांस अडवितो व जलद कंपनांस वाट देतो. तारेचें वेटोळें नेमकें याच्या उलट करतें. ८ ओहमांच्या क्षेपकांची वांटणी २,५०० कंपनांवर करावयाची असल्यास, सर्वांत साध्या योजनेंत ट्वीटरच्या वाटेंत सुमारें ८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर व वूफरच्या वाटेंत सुमारें अर्ध्या मिलिहेन्रीचें वेटोळें घालतात. परंतु क्षेपकाचा विरोध सर्व कंपनांस सारखा राहत नाहीं. म्हणून गणितानंतर प्रत्यक्ष मापन करावेंच लागतें.

वांटणीइतकाच मेळही महत्त्वाचा आहे. १९३५ च्या सुमारास अमेरिकेंतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेच्या ध्वनिविभागास असें आढळलें कीं, नर्तकी एलेनॉर पॉवेल हिच्या पावलाची एकच टाप दोनदां ऐकूं येते. मंद्र स्वरांच्या कर्ण्यांतील वाट उच्च स्वरांच्या कर्ण्याहून कांहीं फूट लांब होती. ध्वनि सेकंदास सुमारें १,१३० फूट जातो. तेव्हां एवढें अंतरही कानास जाणवलें! डग्लस शियरर यांच्या या विभागानें मंद्र कर्णा घडी घालून आखूड केला व दोन्ही वाटा जुळविल्या. त्या द्विमार्गी योजनेस १९३६ सालच्या कार्याबद्दल अमेरिकन चित्रपट अकादमीचें शास्त्रीय पारितोषिक मिळालें. पुढें १९७६ सालीं झीगफ्रीड लिंकविट्झ यांनीं रस रायली यांच्या साहाय्यानें अशी योजना सुचविली कीं, वांटणीच्या ठिकाणीं दोन्ही क्षेपक एकाच लयींत अर्धा अर्धा ध्वनिदाब देतात व बेरीज पूर्ण होते.

तारा उलटसुलट जोडल्यानेंही हा मेळ मोडतो: एक पडदा पुढें येतो तेव्हां दुसरा मागें जातो, आणि वांटणीजवळचे स्वर परस्परांस खाऊन टाकतात. यास्तव विद्यार्थिमित्रांनो, पुढील संमेलनांत शब्द न कळल्यास "आवाज वाढवा" असें ओरडण्यापूर्वीं ट्वीटर वाजतो कीं नाहीं, व त्याच्या तारा योजनेप्रमाणें जोडल्या आहेत कीं नाहींत, हें प्रथम पाहावें.