बांधावरून आत किती पावले?

चोपड्याकडे तापीकाठच्या काळ्या जमिनीत मे अखेरीस ठिबकवर लावलेला कापूस वेगळा आणि साक्रीच्या बाजूला मुरमाड रानात पावसावर सोडलेला वेगळा. एकाच महसूल मंडळातही बागायती आणि कोरडवाहू शेते बांधाला बांध लावून असतात. मंडळाचे सरासरी उत्पन्न काढायला दहा-बारा शेतांतले तुकडे कापून तोलतात. शेते कोणती, तुकडा कुठला, यावर पीक कापणी प्रयोगाचे सारे खरेखोटेपण ठरते.

गावची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, काढताना समिती चांगले, मध्यम, हलके अशी शेते पाहून घेते. तिथे निवडणाऱ्याची नजर आलीच. पीक कापणी प्रयोग माणसाच्या हातातून निवडच काढून घेतो. गाव आणि गट नंबर यादृच्छिक आकड्यांनी आधीच ठरतात. तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामसेवक शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभा राहतो आणि नेमून दिलेल्या दोन आकड्यांनुसार लांबीत इतकी, रुंदीत इतकी पावले चालतो. पावले थांबतील तिथे तुकड्याची खुंटी. पीक करपलेले असो की कमरेइतके, खुंटी सरकवायची नाही.

ही शिस्त रुजवण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले आणि 1940च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत त्यांनी हे काम उभे केले. कापसावर काम केलेले वि. गो. पानसे त्यांचे सहकारी. त्या काळी संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकडे कापून अंदाज काढत. सुखात्म्यांनी 1946 साली दाखवले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगते. तुकड्याभोवतीच्या दोरीवर येणारे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की हात नकळत ते आत ओढतो. लहान तुकड्याला आतल्या जागेच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. हेतू स्वच्छ असला तरी आकडा झुकतो, हे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते.

कापसाचे दुखणे आणखी निराळे. ज्वारी-बाजरी एकदा कापली की संपले. कापसाच्या तीन-चार वेचण्या होतात. खुंट्या ठोकलेल्या तुकड्यातली प्रत्येक वेचणी वेगळी तोलली पाहिजे. मजुरांनी एक वेचणी चुकून बाकीच्या मालात मिसळली, तर त्या तुकड्याचे उत्पन्न कागदावर तेवढे घटते.

आणि इथे पैसा अडकला आहे. खरीप 2025पासून राज्याने एक रुपयातला पीकविमा बंद केला आणि भरपाई मुख्यतः कापणीच्या आकड्यावर आणली. उत्पन्न कमी दिसावे असे शेतकऱ्याला वाटते, जास्त दिसावे असे विमा कंपनीला, आणि दिवस मावळायच्या आत काम उरकावे असे कर्मचाऱ्याला. तिघांच्या ओढाताणीत खुंटी जागेवर ठेवतो तो आधीच लिहिलेला पावलांचा आकडा.

तेव्हा तुमच्या गावात प्रयोग असेल त्या दिवशी शेतावर जा. आकड्यांचा कागद पाहायला मागा, पावले मोजा आणि काटा शून्यावर आहे का तेही पाहा.